गटाने अभ्यास : एक विचार

परीक्षा तोंडावर आली की वाचनालयात चार-चार विद्यार्थ्यांचे घोळके दिसू लागतात. प्रकल्पासाठीही गट पडतात. परंतु पुष्कळदा एक जण लिहितो, दुसरा उतरवून घेतो आणि बाकीचे सही करून मोकळे होतात. याला गटाने अभ्यास म्हणता येईल काय?

खऱ्या गटाचे उदाहरण आपल्या खारेपाटातच आहे. अलिबाग-पेणकडची खाडीकाठची भातशेती मातीच्या बांधांनी उधाणापासून राखली जाते. बांधाला एके ठिकाणी खांड पडली, तरी खारे पाणी अनेकांच्या शेतांत शिरते आणि जमीन नापीक होते. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला. त्यापूर्वीपासून शेतकरी एकजुटीने बांध घालीत आले आहेत. यात दोन गोष्टी आहेत : शेजाऱ्याचे नुकसान ते आपले नुकसान, आणि आपल्या वाट्याचे काम आपणच करावयाचे.

शिक्षणातही हेच तत्त्व लागू पडते. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात निरनिराळ्या वंशांची मुले एका वर्गात आली आणि तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी एक पद्धत योजली. धड्याचे भाग पाडून गटातील प्रत्येकाला एकेक भाग दिला. ज्याने त्याने आपला भाग शिकून इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र प्रत्येकाची स्वतंत्र आणि संपूर्ण धड्यावर! साहजिकच, ज्याला कोणी विचारीत नसे त्याचेही बोलणे सर्वांना लक्षपूर्वक ऐकावे लागले.

आपणही हे करू शकतो. समजा, चरीचा १९३३ सालचा शेतकरी संप अभ्यासायचा आहे. एकाने खोती पद्धत समजून घ्यावी, दुसऱ्याने नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व, तिसऱ्याने डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा, चौथ्याने संपाचे परिणाम. मग पुस्तक मिटून एकमेकांना सांगावे. सांगताना जेथे अडखळतो, तेथे आपले कच्चे आहे हे आपोआप कळते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शंका विचारायला कोणी शिकलेले नाही आणि भर वर्गात सरांना विचारण्याचा धीर होत नाही. अशांना मित्रमैत्रिणींचा गट हाच आधार असतो. म्हणून गटात कोणी गप्प बसला असेल, तर आधी त्याच्याकडे वळावे. बांधाची डागडुजी कच्च्या जागेपासूनच सुरू करायची असते.