होळी काठीची, होळी न्युरेम्बर्गची

गणपतीचा कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे हौशी माणसांना तोटा नसतो. होळीचं तसं नाही. मार्चमधे न्युरेम्बर्गला अजून कोट सुटलेला नसतो, अंगावर पाणी घ्यायची कुणाची तयारी नसते, आणि उघड्यावर जाळ करायचा म्हटलं की परवानगीचे कागद. त्यामुळे आमची होळी बरीच वर्षं भाड्याच्या हॉलमधे, पुरणपोळी आणि ‘विविध गुणदर्शन’ यांवरच भागते.

गेल्या वर्षी गुणदर्शनात मुलींचा एक नाच ठरला. यादीत नाव लिहिलं होतं ‘आदिवासी नृत्य’. तालमीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण माझं लहानपण नंदुरबारकडचं. ‘तुमच्याकडचंच आहे की ते!’ असं दोघीतिघींनी म्हटलं आणि खरं सांगायचं तर मी सुखावले. कपाटातला जुना अल्बम काढला. त्यात १९८६ सालचा एक फोटो आहे. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि मोठाले घुंगरू असा एक माणूस त्यात उभा आहे. मी लगेच यादी केली : तपकिरी टी-शर्ट, पांढरा रंग, पुठ्ठा, हस्तकलेच्या दुकानातली पिसं.

माझी बारा वर्षांची लेक शेजारी बसून फोटो बघत होती. तिने विचारलं, “आई, हे कोण आहेत?”

“बुध्या आहे तो. होळीला नाचणारा.”

“ते कळलं गं. पण नाव काय यांचं?”

फोटोच्या मागे वडिलांच्या अक्षरात फक्त ‘होळी, काठी’ एवढंच होतं. शेवटी आम्ही नाशिकला फोन लावला.

अप्पा, म्हणजे माझे वडील, अक्कलकुवा तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक होते. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. अप्पांना माणसाचं नाव लगेच आठवलं. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा तो बाप. मी त्यांना उत्साहाने नाचाचं सांगितलं, टोप कसा बनवणार तेही सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, तो नुसता नाचत नव्हता. नवस फेडत होता. पोरगा आजारातून उठला म्हणून. तू त्याचं सोंग कसलं करतेस?”

मी यादी बाजूला ठेवली.

काठीची होळी

ज्यांनी काठी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काठी हे सातपुड्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव, जुन्या मेहवासी संस्थानांपैकी एक. म्हणून तिथल्या होळीला ‘राजवाडी होळी’ म्हणतात. १२४६ सालापासून ती चालत आली आहे असं तिकडे सांगतात. होळीच्या आधीच्या आठवडे बाजारांना भोंगऱ्या बाजार म्हणतात. पलीकडे मध्य प्रदेशात त्यालाच भगोरिया. गूळ, फुटाणे, डाळ्या, खजूर, घुंगरू, सगळी खरेदी तिथे होते. शहरातली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं त्याला ‘लग्न जुळवायचा बाजार’ म्हणून रंगवत आली. आदिवासी संघटनांनी त्याला हरकत घेतली आहे, आणि ती रास्त आहे. तो होळीचा बाजार आहे, तुळशीबागेत दिवाळीला गर्दी होते तसा.

ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला परत येतात. दिवाळी चुकली तर चालते, होळी नाही. जंगलातून उंच, सरळ बांबू आणला जातो. तो होळीचा दांडा. त्याचा खड्डा कुदळ-फावड्याने खणत नाहीत, हाताने उकरतात. रात्रभर गावोगावची पथकं ढोल घेऊन येतात आणि नाचतात. होळी पेटते ती पहाटे, उजाडायच्या सुमाराला. आणि मग त्यानंतर काही दिवस वेगवेगळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे एका गावच्यांना दुसऱ्या गावी जाता येतं.

या गर्दीत बावा आणि बुध्या उठून दिसतात. त्यांच्यातले पुष्कळजण नवसाचे असतात. होळीच्या आधीपासून ते नेम पाळतात, खाटेवर न झोपता जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात. हे नेम पूर्ण होतात तेव्हाच तो पोशाख उतरतो. आम्ही मुलं अप्पांच्या खांद्यावर बसून हे बघायचो, आणि माझ्या डोक्यात राहिली ती फक्त पिसं. नेम राहिला नाही, कारण तो फोटोत दिसत नाही.

आणि इथली ‘ह्योले’

याच सुमाराला लेकीच्या शाळेत एक गंमत झाली. ‘आम्ही होळी साजरी करतो’ असं तिने वर्गात सांगितलं आणि मुलं हसायला लागली. जर्मनमधे ‘ह्योले’ म्हणजे नरक! तिच्या बाईंनी मात्र छान सांभाळून घेतलं. त्या म्हणाल्या, आपल्या न्युरेम्बर्गमधेसुद्धा वसंताच्या तोंडावर ‘ह्योले’ जाळायचे की!

आम्ही दोघींनी मग त्याची माहिती काढली. १४४९ ते १५३९ या काळात इथे ‘शेम्बार्टलाउफ’ नावाचा उत्सव होत असे. शेम्बार्ट म्हणजे दाढीचा मुखवटा. मूळ मान खाटकांच्या संघाचा. ते बाजारचौकात नाचायचे आणि त्यांच्याभोवती मुखवटे घातलेले, अंगाला घुंगरं बांधलेले धावक गर्दी मागे सारायचे. धावकांच्या एका हातात भाला, दुसऱ्या हातात पानांचा झुबका, आणि त्या पानांत दडवलेली दारू उडायची. शेवटी ‘ह्योले’ नावाचा मोठा देखावा घसरगाडीवरून ओढत आणायचे, त्यावर चढाई करायचे आणि नगरभवनासमोर तो जाळून टाकायचे. पुढे पुढे श्रीमंत घराण्यांतल्या मुलांनी खाटकांकडून धावण्याचा हक्क पैसे मोजून घेतला. १५३९ साली तो देखावा गलबताचा होता आणि त्यावर शहरातले कडक धर्मोपदेशक आन्द्रेआस ओसियांडर यांची टर उडवणारी मूर्ती होती. ते रागावले, त्यांनी तक्रार केली, आणि नगरपरिषदेने उत्सवच बंद केला. आपल्याकडे शिमग्यातल्या बोंबा कुणी मनावर घेत नाही. इथे घेतल्या, आणि नव्वद वर्षांची रीत थांबली.

गंमत अशी की श्रीमंतांनी हौसेने या सोंगांची रंगीत चित्रं काढून ठेवली होती. तशी ऐंशीच्या आसपास हस्तलिखितं आजही आहेत, त्यांतलं एक न्युरेम्बर्गच्या शहर ग्रंथालयात. त्या चित्रांवरून पोशाख शिवून १९७४ साली इथल्या लोकांनी संस्था काढली आणि शेम्बार्ट पुन्हा रस्त्यावर आणला.

मला हे वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. चित्रावरून पोशाख शिवता येतो. मीही तेच करायला निघाले होते. पण इथल्यांनी आपल्याच गावचं, बंद पडलेलं उचललं. मी दुसऱ्याचं उचलत होते, आणि तेही तो ते अजून पाळत असताना. २०१२ पासून जर्मनीत तिकीट लावून, ऐन उन्हाळ्यात, ‘होली’ नावाने रंग उधळायचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा आपणच नाही का नाकं मुरडली? ‘यांना पौर्णिमा तरी ठाऊक आहे का’ म्हणून मीच मोठ्याने बोलले होते.

मग काय केलं?

अप्पांनी ओळखीपाळखीतून त्या माणसाच्या घरी निरोप पोचवला. ते गृहस्थ आता नाहीत. ज्याच्यासाठी नवस केला होता तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे. त्याच्याशी आमचं फोनवर बोलणं झालं. अप्पांना तो अजून ‘गुरुजी’च म्हणतो. फोटोचं ऐकून त्याने एकच विचारलं, “मला एक पाठवाल का? आमच्याकडे बापाचा एकही फोटो नाही.”

चाळीस वर्षं तो फोटो आमच्या अल्बममधे होता. धुळ्याहून पुण्याला, पुण्याहून न्युरेम्बर्गला आला. ज्यांचा होता त्यांच्याकडे नव्हता.

मी चाचरत नाचाबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, “नाचा ना ताई. ढोल वाजला की बायापोरी सगळ्याच नाचतात. बुध्या नका बनू बस. ते नेमाचं आहे.”

तेव्हा कार्यक्रमात आमच्या आठ मुली साध्या परकर-पोलक्यात आल्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून रांगेने नाचल्या. आधी लेकीने नकाशावर काठी दाखवली, भोंगऱ्या बाजार, दांडा आणि नेम यांबद्दल चार वाक्यं मराठीत आणि चार जर्मनमधे सांगितली. फोटो दाखवला नाही, त्या माणसाचं नाव सांगितलं नाही, आणि म्हणून इथेही छापलेलं नाही. ते आम्ही विचारलेलं नाही. एकदोघांची निराशा झाली. ‘पिसं असती तर रंगत आली असती,’ असं कुणीतरी म्हणालंच. कोकणातले आमचे एक काका मात्र जेवताना म्हणाले, “बरं केलंस. आमच्या गावच्या पालखीला खांदा द्यायचा मान ठरलेला असतो. उद्या कुणी इथे हॉलमधे पालखी नाचवली तर मलाही ते रुचणार नाही.”

घरी आल्यावर लेकीने विचारलं, “मग आपला नेम कुठला?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुरण घरी वाटायचं, बाहेरून पोळ्या आणायच्या नाहीत, एवढंच सुचलं. ती म्हणाली, हे तर तुझं काम झालं, माझं काय? या वर्षी होळीआधीचे पाच दिवस ती गादी सोडून सतरंजीवर झोपली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

फोटोची मोठी प्रत काढून सातपुड्यात पाठवली आहे. पोचल्याचा फोन आला. पुढच्या होळीला आमच्या हॉलच्या अंगणात, रीतसर परवानगी काढून, छोटीशी का होईना खरी होळी पेटवायचा विचार आहे. कागदपत्रं करायला कुणी पुढे येत असेल तर कृपया कळवा. पुरणपोळ्या मी करते.