अशोक फुलतो तेव्हा

माघ सरत आला की सेवाग्राम परिसरातील बांधांवर पळस फुलतो, शेवग्याला पांढरा बहर येतो आणि गावरान आंब्याचा मोहोर दरवळू लागतो. परसबागेतील आमचे लक्ष मात्र या दिवसांत अशोकाकडे असते. कारण हा वृक्ष आपली खरी ओळख फुलांतून देतो.

नामसाधर्म्याचा घोटाळा या गावाला नवा नाही. महात्मा गांधी १९३६ मध्ये येथे राहावयास आले तेव्हा हे ‘सेगाव’ होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी गल्लत होऊन टपाल चुकू लागले आणि १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ हे नाव देण्यात आले. अशोकाचा घोटाळा मात्र अजून मिटलेला नाही. कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या, लांबट व नागमोडी कडांच्या पानांच्या झाडालाही लोक अशोकच म्हणतात. तो खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला. ‘दारातल्या अशोकाची साल काढ्याला चालेल का?’ असे रुग्ण भगिनी आम्हांस वारंवार विचारतात. असृग्दराने क्षीण झालेल्या स्त्रीस भलतीच साल दिली, तर दोष शास्त्राला लागतो.

बहरात ही शंका उरत नाही. खऱ्या अशोकाची (सराका असोका) फुले सुगंधी असून दाट गुच्छांनी येतात, जुन्या फांद्यांवर आणि खोडावरसुद्धा. उमलताना ती पिवळसर नारिंगी असतात, पुढे लालभडक होतात. वास्तविक त्यांना पाकळ्याच नसतात. रंग असतो तो निदलाचा. पाने संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती. खोट्या अशोकाची फुले हिरवट, चांदणीसारखी. पानांत सहज दडून जाणारी.

भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टाच्या पाठात एक तुला साल सांगितली आहे, म्हणजे आजच्या मानाने सुमारे ४.८ किलो. एका घाणीची ही गरज पाहता, १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरलेल्या या वृक्षाच्या जागी दुसरी साल बाजारात का येते, हे औषधनिर्मात्यांस सांगावयास नको. आतून तांबूस आणि चवीला तुरट एवढ्यावर विसंबू नये. चूर्ण झाल्यावर तर सूक्ष्मदर्शकाखेरीज व रासायनिक परीक्षणाखेरीज गत्यंतर नाही.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात त्वचा शरद ऋतूत घ्यावयास सांगितली आहे. त्या वेळी ओळख पटवणारा हा बहर झाडावर नसतो. म्हणून आम्ही परिसरातील झाडे फुलोऱ्यातच पाहून ठेवतो, जागेची नोंद करतो आणि शरदात त्याच झाडाची थोडी साल उभ्या पट्टीने काढतो; खोड सभोवार सोलल्यास झाड मरते. पुरवठादाराकडूनही फुलोऱ्यातील झाडाचे छायाचित्र मागवून ठेवावे.

विदर्भाचा उन्हाळा या सह्याद्रीतील दमट रानांत रमणाऱ्या वृक्षास सोसवत नाही. काळ्या जमिनीत निचरा करून, मोठ्या झाडाच्या सावलीला रोप लावावे आणि पहिली काही वर्षे चैत्र ते ज्येष्ठ पाणी चुकवू नये.