भंगारातला प्लॉटर आणि याडींचा फेटिया

पोहरादेवीच्या नंगारा संग्रहालयाचे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले, तेव्हापासून आम्हाला भेटणारे बाहेरगावचे पाहुणे बंजारा भरतकामाची चौकशी करू लागले. जवळच्या ज्या तांड्यावर आमचे जाणे-येणे आहे, तेथील सहा मुलींनी ठरविले, की रामनवमीच्या यात्रेत भरतकामाच्या पिशव्या विकायला मांडायच्या. नमुना एकच होता, एका वृद्ध याडींच्या लग्नातल्या फेटियावरचा. याडींना आता सुई दिसत नाही आणि फेटिया हात लावताच उसवतो. जाणत्या बायांना खाका लागत नाही, त्यांचा हातच चालतो. शिकणाऱ्या मुलींना मात्र रेघ समोर हवी.

ट्रेसिंग पेपरवर खाका काढायचा, रेघेवर सुईने भोके पाडायची आणि रॉकेलात कालवलेली नीळ त्यातून कापडावर पुसायची, ही रीत भगिनींना ठाऊक आहेच. फेटियाचा फोटो काढून संगणकावर रेघा आखल्या. पण दुकानातल्या प्रिंटरने दोनदा ट्रेसिंग पेपर चुरगाळला.

तेव्हा आम्हाला घरच्या माळ्यावरचा प्लॉटर आठवला. एका अभियंत्यांनी कार्यालय बंद करताना तो आम्हाला दिला होता. हिवलेट-पॅकार्ड कंपनीचा ७४७५ए, हा नमुना १९८३ सालचा. तरुण वाचकांसाठी सांगतो, हे छापणारे नव्हे, लिहिणारे यंत्र आहे. एका गोल चक्रात सहा पेने असतात. पेन आडवे फिरते, कागद खरखरीत चाकांवर पुढे-मागे सरकतो आणि दोघांच्या मेळातून तिरपी रेघ, वर्तुळ, हवे ते निघते. घरांचे, यंत्रांचे नकाशे असेच निघत. १९९० नंतर शाई उडविणारे मोठे प्रिंटर आले आणि प्लॉटर मागे पडले.

आधी पाठीमागे विद्युतदाब आपल्याकडच्या विजेला जुळवला आहे ना, ते पाहिले. परदेशी जोडणी असती तर सुरू करताच यंत्र जळाले असते. पेनांच्या रबरी टोप्या गुळासारख्या चिकट झाल्या होत्या, त्या काढून टाकल्या. चाकांतला कागदाचा भुगा दात घासण्याच्या ब्रशने झाडला. पेने तर केव्हाच वाळलेली. एका लेथवाल्याने नायलॉनची बाही करून दिली, तिच्यात फायबर पेनाचे टोक आणि शाईची कांडी कापून बसवली. लांबी मूळ पेनाएवढीच ठेवावी लागते, नाहीतर ते चक्रात मावत नाही.

यंत्राची भाषा आम्हा कारकुनांना समजावी इतकी साधी. 'पीयू' म्हणजे पेन वर, 'पीडी' म्हणजे खाली, पुढे आकडे. १ मिलिमीटरला सुमारे ४० आकडे, म्हणजे ४००० ला १० सेंटिमीटर. इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतून या ओळी आपोआप तयार होतात.

तरी चित्र बिघडे. सुरुवात झकास, मग पेन भलतीकडे धावून कागदभर रेघोट्या! चार दिवस हेच झाले. यंत्राचे डोके गेले, असे आम्ही मुलींना सांगूनही टाकले आणि भंगारवाल्याशी किलोचा भाव बोललो. त्या सहा जणींत बारावीला असलेली एक मुलगी बिघडलेले कागद एकावर एक ठेवून उजेडात धरीत होती. ती म्हणाली, "काका, हे दरवेळी एकाच जागी बिघडते."

चूक आमचीच होती. प्लॉटरच्या पोटात एका वेळी १०२४ अक्षरेच मावतात. पोट भरले की 'थांब' म्हणायला त्याला वेगळी तार लागते. आम्ही काटकसर करून तीनच तारांची केबल जोडली होती. संगणक ओतत राहिला, प्लॉटरचे आकडे सांडत राहिले. चौथी तार डाखली आणि पेन काठापर्यंत सरळ गेले. शाईला उसंत मिळावी म्हणून वेगही कमी केला, एरवी हे पेन सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळते.

यात्रेला आठ दिवस होते. आम्ही कागद घेऊन तांड्यावर गेलो. याडींनी तो नुसता मांडीवर ठेवला आणि फेटियाच्या काठावरून बोट फिरवीत मोजू लागल्या. शेजारी बसलेल्या नातीला त्यांनी कागदावरच्या कळ्या मोजायला लावल्या.

"साहेब, माझ्या काठाला नऊ कळ्या आहेत. तुमच्या यंत्राने आठच काढल्या."

खरेच होते. कापड एका जागी दुमडले होते, तेथे एक कळी फोटोत लपली होती. दुमड सोडवून पुन्हा फोटो घेतला, आणि त्याच रात्री दुसरा कागद लावला.