टोमॅटोच्या पेशीतले थेंब

उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे सरकला, की नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला एकच धास्ती: फूलगळ. जुन्नर-आंबेगावच्या प्लॉटवर ती उघड्या डोळ्यांनी दिसते. त्याच उष्णतेत पेशीच्या आत काय घडतं, हे पूर्व जर्मनीतल्या लुट्झ नोव्हर यांच्या गटाने पाहिलं. टोमॅटोच्या पेशी तापवल्यावर त्यांत प्रथिनांचे सूक्ष्म कण जमतात, हे त्यांनी १९८३ मध्ये दाखवलं. १९८९ मध्ये त्याच कणांत आरएनएही सापडला.

१९९९ मध्ये बोस्टनच्या नॅन्सी केडर्शा आणि पॉल अँडरसन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींतल्या अशाच कणांची जुळणी उलगडली. ती आरएनएला चिकटणारी प्रथिनं घडवून आणतात. टोमॅटोतले कण आणि हे कण तंतोतंत एक नव्हेत. पण संकट आलं की नेहमीची कामं थांबवायची, ही रीत दोन्हीकडे आहे.

या कणांना पडदा नसतो. मिसळीवरच्या तर्रीसारखे ते थेंब एकमेकांत मिसळतात, पुन्हा सुटतात. प्रथिनांच्या ठरावीक आकार नसलेल्या सैल शेपट्या एकमेकींना हलकेच धरतात, म्हणून हे जमतं. ताण सरला की थेंब विरायला हवेत. दुखणं आहे ते न विरण्यात.

एएलएस या आजारात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बहुतेक रुग्णांच्या अशा पेशींत टीडीपी-४३ या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या गाठी असतात, हे २००६ पासून माहीत आहे. एफयूएस हे त्याच जातीचं दुसरं प्रथिन. त्याचे द्रव थेंब काही तासांत तंतुमय, घट्ट होतात आणि आजाराशी जोडलेल्या उत्परिवर्तनाने हा वेग वाढतो, असं ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं. पुढे २०१८ मध्ये आणखी मोलाची गोष्ट कळली: केंद्रकात आरएनए भरपूर असतो, म्हणून ही प्रथिनं तिथे विरघळलेली राहतात, बाहेर आरएनए कमी, तिथे ती गोठायचा धोका जास्त.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये पार्किन्सन्सशी संबंधित अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचा असाच थेंबापासून तंतूंपर्यंतचा प्रवास दाखवला. हे प्रथिन आरएनएवाल्यांच्या कुळातलं नाही, तरी वाट तीच.

रुग्णाच्या मेंदूतली प्रत्येक गाठ अशा थेंबातूनच जन्मते का, यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि तो योग्यच आहे. परीक्षानळी म्हणजे मेंदू नव्हे. त्यामुळे ‘गाठी विरघळवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. हाताची पकड सुटत असेल, बोलणं जड होत असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.