‘मला तो आवडतो’ : गौळण, ख्याल आणि क्रियापदाचे लिंग

रेवस, बोडणी, मांडवा या किनारपट्टीवर गावोगाव भजनी मंडळे आहेत. मिसरूड फुटू लागलेला मुलगा तिथे अभंगापासून सुरुवात करतो; गळा तयार झाला की गौळण म्हणतो. गौळणीत तो राधा असतो, नाहीतर गोपी. ‘मी वाट पाहते’ असे म्हणत कृष्णाची तक्रार करतो आणि समोरचे आजोबा मान डोलावतात. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांपासून ही वाट मळलेली आहे. पुढे तो ख्याल शिकायला मुंबईला गेला, तरी ‘पिया’ची वाट पाहणारी नायिका त्याच्याच गळ्यात असते. रंगभूमीवर तर नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची, भामिनी १९११ पासून महाराष्ट्राने डोक्यावर घेतली.

आता याच मुलाचा जीव पखवाजावर साथ करणाऱ्या मित्रावर जडला, तर? पुरुषाविषयीच्या ओढीचे शब्द संगीताने त्याला आधीच पाठ करून दिलेले असतात. अट एकच : क्रियापद स्त्रीलिंगी हवे. (विष्णु दिगंबर पलुसकरांनी बंदिशींतले शृंगारिक शब्द बदलून भक्तिपर शब्द घातले. घरंदाज मुलांसाठी गाणे खुले झाले. पण शब्दांचा हा आडोसाही थोडा आक्रसला, असे मला वाटते.)

गाण्याबाहेर आल्यावर मराठी व्याकरण मोठे गमतीचे वागते. ‘मी त्याच्यावर प्रेम करतो’ म्हटले की बोलणारा उघडा पडतो. ‘मला तो आवडतो’ या वाक्यात क्रियापद ‘तो’च्या मागे जाते, बोलणारा मुलगा की मुलगी, कळत नाही. शिवाय हेच वाक्य आवडत्या गोलंदाजाबद्दलही खपते. पहिल्या प्रेमाची कबुली आणि तिचा बचाव, दोन्ही एकाच वाक्यात.

गाणाऱ्या मुलीला मात्र असा आडोसा नाही. तिच्या बंदिशीत सखी पदोपदी येते, पण निरोप न्यायला आणि गाऱ्हाणे ऐकायला. सखीच हवीशी वाटली तर बंदिशीत जागा नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने १९८१ मध्ये अशी मुलगी रंगमंचावर आणली. पण सुमित्राची कहाणी सांगतो तो तिचा मित्र बापू. तिच्या ओढीला वाचा मिळते ती पुरुषाच्या निवेदनातून.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. तनय आणि अनुजा ही भावंडे घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तनय आपला भाग निघून गेलेल्या त्या तरुणाला उद्देशून सांगतो. बोलणारा पुल्लिंगी, ज्याच्याशी बोलायचे तोही पुल्लिंगी; मधे राधा नाही, ‘आवडतो’ची पळवाटही नाही. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून वगळले ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी.