ब्रेकमधील हवा घरच्या घरी कशी काढावी?

पुणतांब्याहून कोपरगाव, श्रीरामपूरच्या बाजाराला माल नेणाऱ्या बांधवांना भरल्या गाडीत ब्रेकचा भरवसा हवाच. पेडल मऊ लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक धरतो, असे झाले की नळीत हवा शिरली असे समजावे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही.

काम दोघांचे आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. मारुती ओम्नीसारख्या जुन्या गाडीत सहसा मागच्या डाव्या, म्हणजे सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असल्यास तोच धरावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवावे. एकाने पेडल तीन-चारदा दाबून दाबलेलेच धरावे, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावे. बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा! घाई केली तर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे.

वरची डबी रिकामी होऊ देऊ नये. झाकणावर लिहिलेलेच ऑईल वापरावे. बाटलीत निघालेले परत ओतू नये. इंजिन ऑईल तर चुकूनही नको, रबर फुगून खराब होते.

दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल तर दोष हवेचा नाही. कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. अशी गाडी, तसेच एबीएसची गाडीही, मिस्त्रीकडेच दाखवावी. माल भरण्याआधी मोकळ्या मैदानात सावकाश चालवून ब्रेक पाहावा.