नगर रस्ता आणि नॅनोमीटर

वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमाला येऊन नगर रस्ता धरला की सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. वढूला संभाजीमहाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन रांजणगावच्या महागणपतीला जाणारे लोक याच पट्ट्यातून जातात. रांजणगाव एमआयडीसीत फ्रिज बनतात, टीव्ही बनतात, मोटारी बनतात. ऑक्टोबर २०२२ अखेरीस इथल्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाल्याचं केंद्राने जाहीर केलं: २९७.११ एकर जागा, ४९२.८५ कोटींचा प्रकल्प. जेमतेम दीड महिन्यापूर्वी वेदांत-फॉक्सकॉनचा चिप कारखाना, म्हणजे फॅब, तळेगावऐवजी गुजरातेत गेल्यावरून राज्यात रान उठलं होतं. पण या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. समूहातल्या कारखान्यांत मुख्यतः तयार चिपा बोर्डावर बसवून उपकरणं जोडायची, फॅबमध्ये चिपच घडवायची. (फॉक्सकॉनने जुलै २०२३ मध्ये त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, हा भाग वेगळा.)

घडवणं म्हणजे काय, हे पाहायला पवईला जावं लागतं. आयआयटी मुंबईत २००६ साली केंद्र सरकारच्या पैशातून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं उत्कृष्टता केंद्र उभं राहिलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही त्याच वेळी जोडकेंद्र झालं. जुझर वासी, व्ही. रामगोपाल राव ही त्यामागची मोठी नावं. २००८ पासून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांनाही ही यंत्रं वापरायला मिळू लागली. माझ्या मते त्या केंद्राचं सगळ्यात मोठं काम हेच. शोधनिबंध काय, कुठेही होतात. कोट्यवधींचं यंत्र परक्या कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या हाती देणं आपल्याकडे दुर्मीळ.

राव यांच्या गटाने ज्यावर बरंच काम केलं ते कॅन्टिलिव्हर उदाहरणादाखल घेऊ. वाड्याच्या भिंतीतून पुढे आलेल्या सज्जासारखी, एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. लांबी काहीशे मायक्रॉन, जाडी एखाद-दोन मायक्रॉन. तिच्या एका अंगाला विशिष्ट रेणूच पकडणारा लेप द्यायचा. रेणू चिकटले की पृष्ठभागावर ताण येतो, पट्टी काही नॅनोमीटर वाकते, पोटात पुरलेल्या रोधकाचा रोध बदलतो आणि तो बदल मोजता येतो.

करायची कशी? वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, आधी रसायनांत धुवायची. मग तिच्यावर फोटोरेझिस्टचे थेंब टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरगर फिरवायची, म्हणजे सारखा पातळ थर बसतो. हा थर निळ्या आणि अतिनील उजेडाला प्रतिसाद देतो, म्हणून त्या खोलीत सगळे दिवे पिवळे. हवेत दमटपणा वाढला तर थर धरत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात वातानुकूलन यंत्रणेचा कस लागतो तो इथे. ‘क्लास १००’ खोलीत घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरावर चालत नाहीत. मास्कमधून उजेड पाडायचा, नको तो भाग विरघळवायचा, थर चढवायचे, कोरायचे, आणि शेवटी पट्टीखालचा आधार काढून घ्यायचा.

घात होतो तो बहुतेक वेळा याच शेवटच्या पायरीला. धुऊन वाळवताना पट्टीखाली अडकलेलं पाणी आटत जातं, पृष्ठताण तिला खाली ओढतो आणि ती तळाला कायमची चिकटते. उपाय असा: पाण्याच्या जागी अल्कोहोल, त्याच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग ३१ अंश सेल्सिअस आणि ७३ वातावरणांच्या दाबापुढे न्यायचा. तिथे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, त्यामुळे ओढायला पृष्ठताणही नाही. दाब हळूहळू सोडला की पट्टी मोकळी.

या विद्येतून आयआयटीच्या आवारात नॅनोस्निफ ही कंपनी निघाली. सूक्ष्म संवेदकावर चालणारं तिचं स्फोटकशोधक यंत्र एप्रिल २०२१ मध्ये बाजारात आलं; नॅनोग्रॅमभर स्फोटकाचा माग ते दहा सेकंदांच्या आत काढतं, असा कंपनीचा दावा आहे. त्याच सुमारास आयआयटी मुंबईच्याच उदयन गांगुली यांच्या गटाने मोहालीच्या सरकारी फॅबसोबत १८० नॅनोमीटर तंत्रावर मेमरी तयार केली. प्रत्येक चिप घडताना किंचित चुकते. त्या चुकीची दुरुस्ती चिपमध्येच कायमची नोंदवून ठेवण्यासाठी ही मेमरी कामी येते.

१८० नॅनोमीटर म्हटल्यावर कुणी नाक मुरडेल. जगात २ आणि ३ नॅनोमीटरची भाषा चालते. त्यातलं बरंचसं आता पिढीचं नाव आहे. अशा चिपेतही ट्रान्झिस्टरमधलं अंतर चाळीस-पन्नास नॅनोमीटर असतंच. तरी त्यामागची करामत थक्क करणारी आहे. नेदरलँड्सच्या एएसएमएलच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब सोडतात, प्रत्येकावर लेझरचा मारा करतात, आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड मिळतो. हा उजेड हवा शोषते, काचही शोषते. म्हणून सगळं निर्वात पोकळीत आणि भिंगांऐवजी आरशांवर. दुसरीकडे अणूंचा एकेक थर चढवण्याची पद्धत फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४ साली विकसित केली ती सपाट पडद्यांसाठी. आज तिच्यावाचून एकही आधुनिक फॅब चालत नाही.

कोरून लहान करण्याऐवजी रेणूंनाच आकार घ्यायला लावायचा, हा दुसरा रस्ता. त्यात पुण्याचं नाव ठळक आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाचा अर्क घातला आणि सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ने ते छापलं. ना निर्वात पोकळी, ना लेझर. मात्र असे कण हव्या त्या जागी, ओळीने, कोट्यवधींच्या संख्येने बसवणं ही अजूनही डोकेदुखी आहे, आणि म्हणूनच चिपा आजही कोरूनच बनतात.

आपल्या पट्ट्याला यातलं काय झेपेल? दोन नॅनोमीटरचं स्वप्न मी बाजूला ठेवीन. संवेदक, वाहनांतल्या आणि फ्रिजमधल्या साध्या चिपा, चिपांचं पॅकेजिंग आणि चाचणी, इथे गिऱ्हाईक दाराशी आहे आणि जुनी तंत्रं पुरतात. माणसं लागतील ती व्हॅक्यूम पंप उघडून बसवणारी, गॅसच्या लाइनी गळतीशिवाय जोडणारी, तीच रेसिपी महिनोन्महिने तशीच राखणारी. सणसवाडीच्या शॉपफ्लोरवर मायक्रॉनची टॉलरन्स सांभाळणाऱ्या ऑपरेटरला ही शिस्त नवी नाही.

खरा पेच पाण्याचा आहे. वेफर धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं आणि तेही अमाप. तैवानमध्ये २०२१च्या दुष्काळात सरकारने हजारो हेक्टर शेतीचं सिंचन थांबवलं आणि चिप कारखान्यांनी टँकर मागवले. शिरूर तालुक्यात चासकमान धरणाच्या पाण्याच्या आवर्तनावरून काय होतं, हे इथल्या ऊस आणि कांदा पिकवणाऱ्याला सांगायला नको. उद्या खरंच फॅबचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत जमिनीच्या भावाआधी विचारायचं ते हे: वापरलेल्या पाण्यातलं किती शुद्ध करून परत वापरणार, आणि आवर्तन कमी पडलं त्या साली आधी कुणाचा व्हॉल्व्ह बंद होणार?